नॉमिनीचा अर्थ मी लिहिला होता

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी एक काळा फळा आहे. त्यावर मी अकरा वर्षं दर सोमवारी कायद्याचा एक शब्द आणि त्याचा अर्थ लिहीत होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको म्हणायची, "अहो, लोक फळ्यापाशी येतात ते पाणी कधी येणार ते बघायला. तुमचं कायद्याचं कोण वाचतंय?" तरी मी लिहायचो. आता फळा तिथेच आहे, पण त्यावर फक्त पाण्याची वेळ असते आणि तीही वॉचमन लिहितो.

मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. अंधेरीला एका औषधांच्या कंपनीत परचेस खात्यात मी पस्तीस वर्षं काढली. साकीनाक्याचे छोटे कारखानदार आम्हाला बाटल्यांची झाकणं, पुठ्ठ्याची खोकी, लेबलं पुरवायचे. त्यांच्याशी करार व्हायचे ते इंग्रजीत, चाळीस-चाळीस पानांचे. हे लोक हाताचं ग्रीस पँटला पुसत माझ्या टेबलासमोर बसायचे आणि म्हणायचे, "साहेब, यात काय लिहिलंय ते सांगा, आणि सही कुठे करू ते सांगा." मी सांगायचो. इंडेम्निटी म्हणजे माल खराब निघाला तर सगळं तुमच्या बोकांडी. आर्बिट्रेशन म्हणजे भांडण झालं तर कोर्टात न जाता लवादापुढे जायचं. फोर्स मॅज्युअर म्हणजे पूर, आग, दंगल असलं काही झालं तर तुम्ही सुटलात. ते मान डोलवायचे आणि सही करून जायचे. समोरचा माणूस न वाचता सही करतो ती आपल्या शब्दावर, याची एक नशा असते. ती मला पुरेपूर चढली होती.

रिटायर झालो आणि वर्षभरात सोसायटीचा सेक्रेटरी झालो. बोरिवलीतल्या जुन्या सोसायटीत सेक्रेटरी कसा होतो ते सगळ्यांना माहीत आहे. मीटिंगमध्ये विषय निघतो, सगळे जमिनीकडे बघतात, आणि जो नेमका त्या वेळी वर बघतो तो सेक्रेटरी होतो. त्या दिवशी मी वर बघितलं.

लोकांना काहीच कळत नाही, हे माझं तेव्हाचं ठाम मत होतं. भाड्यानं जागा देतात, पण लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरार नव्हे, ती फक्त वापरायची परवानगी आहे, हे माहीत नाही. मुलाला आममुखत्यारपत्र लिहून देतात आणि समजतात की घर त्याचं झालं. वकिलाची साधी नोटीस आली की कोर्टाचा हुकूमच आल्यासारखे घाम पुसत माझ्याकडे पळत येतात. म्हणून मी फळा सुरू केला. "कॅव्हेट: मला विचारल्याशिवाय हुकूम देऊ नका, असं कोर्टाला आधीच सांगून ठेवणे." "जैसे थे: आहे ते आहे तसं ठेवा, कुणी हात लावू नका." "प्रतिज्ञापत्र: खोटं निघालं तर आत जाल, हे माहीत असून केलेलं विधान." हे शेवटचं वाचून पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, "झकास लिहिलंय, यार." आठवडाभर मी खुशीत होतो.

अशाच एका सोमवारी मी लिहिलं, "नॉमिनी: सभासदाच्या पश्चात सदनिका ज्याच्या मालकीची होते ती व्यक्ती."

मी ते कुठल्याही पुस्तकात बघितलं नव्हतं. बघायची गरजच वाटली नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये, शेजारच्या बिल्डिंगमध्ये, सगळ्या बोरिवलीत लोक हेच धरून चालतात. नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत भरायचा, कमिटीनं ठराव करायचा, एक प्रत शिक्का मारून सभासदाला परत द्यायची. तो कागद लोक कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवतात. झालं, घराची सोय लागली. मीही तेच धरून चाललो होतो. बाकीच्यांत आणि माझ्यात फरक इतकाच, की मी ते खडूनं लिहून खाली सही केली होती.

तिसऱ्या मजल्यावर, माझ्या बरोबर डोक्यावर, मालवणकडचं एक कुटुंब राहायचं. म्हातारे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर जे हातात आलं त्यातून त्यांनी ही वन रूम किचन घेतली होती. त्यांची बायको पाच वर्षं अंथरुणाला खिळून गेली. दोन मुलगे लग्नं करून बाहेर पडले होते, एक विक्रोळीला, एक ठाण्याला. मुलगी घरीच राहिली. ती एका डॉक्टरकडे काउंटरवर कामाला होती. आईला अर्धांगवायूचा झटका आल्यावर तिनं ती नोकरी सोडली आणि गॅलरीत शिलाई मशीन टाकलं. फॉल-बीडिंग, ब्लाउज उसवून देणं, पडद्यांना दुमड. आजूबाजूच्या चार बिल्डिंगमधल्या बायका तिच्याकडेच यायच्या. दिवसभर आमच्या छतावर त्या मशीनची घरघर ऐकू यायची. माझी बायको म्हणायची, ती थांबली की मला झोप येत नाही. त्या मुलीचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढे गेलं होतं, तरी बिल्डिंगमध्ये सगळे तिला मुलगीच म्हणायचे.

नॉमिनीचा शब्द लिहिला त्याच आठवड्यात म्हातारे मला फळ्यासमोर दिसले. चष्मा कपाळावर, आणि एकेका अक्षराखाली बोट. मला बघून म्हणाले, "सेक्रेटरी, आयतवारी जरा वर ये."

रविवारी मी गेलो. त्यांनी गादीखालून वहीचं एक पान काढलं. चांगल्या, गिरवल्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं होतं की मी अमुक, माझ्या पश्चात ही खोली माझ्या मुलीला मिळावी, मुलग्यांची घरं झालेली आहेत, त्यांनी यात हरकत घेऊ नये. खाली त्यांच्या सहीसाठी जागा सोडली होती, आणि त्याखाली दोन ओळी होत्या. साक्षीदार एक. साक्षीदार दोन.

"ह्या घर चेडवाचा," ते म्हणाले. "झिलांक त्यांची घरां आसत. हिका कोण आसा? मी तुमच्या समोर सही करतंय. तू आणि समोरचो, दोगांनी सह्या करा."

मुलीनं चहा आणून ठेवला आणि ती गॅलरीत मशीनवर जाऊन बसली. मी पान वाचलं आणि हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

"काका," मी म्हणालो, "अहो, नॉमिनेशन मीच भरून घेतलंय ना तुमचं? शंभर टक्के मुलीच्या नावावर. फळ्यावर वाचलंत ना? मग मृत्युपत्र कशाला? उद्या मुलांना कळलं की बाबांनी आमच्याविरुद्ध कागद केला, तर घरात उगाच वाकडं येईल. आणि हे असं वहीच्या पानावर चालतही नाही हो. स्टॅम्पपेपर लागतो, वकील लागतो."

ते पानाकडे बघत राहिले. गॅलरीतलं मशीन मध्येच थांबलं. दोरा तुटला असेल, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

"मगे नको म्हणतस?" त्यांनी विचारलं.

"काही गरज नाही."

"तू सांगतस तां बरोबर आसतला," ते म्हणाले, आणि त्यांनी पानाची घडी घालून ते पुन्हा गादीखाली ठेवलं. मी चहा प्यायलो आणि खाली आलो. घरी बायकोला सांगितलं की एका माणसाचा फुकटचा खर्च वाचवला.

त्यानंतर दोन वर्षांनी म्हातारे गेले. दिवसकार्य झाल्यावर मी नियमाप्रमाणे कमिटीत ठराव करून शेअर सर्टिफिकेटवर मुलीचं नाव चढवलं. सर्टिफिकेट तिच्या हातात देताना म्हणालो, "आता तू मालकीण हं." ती म्हणाली, "काका, जेवून जा." मला ते सगळं फार व्यवस्थित झाल्यासारखं वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात वकिलाची नोटीस आली. एक तिला, एक सोसायटीला, सेक्रेटरीमार्फत. दोघा भावांचं म्हणणं होतं की वडील मृत्युपत्र न करता गेले, त्यांना तीन वारस आहेत, घरात प्रत्येकाचा तिसरा हिस्सा आहे, आणि नॉमिनी म्हणून बहिणीचं नाव लागलं म्हणजे ती मालक झाली असं नाही. वाचून मला हसू आलं. माणसं पैशाच्या लोभानं काहीही लिहितात, असं मी बायकोला म्हणालो. तरी एका वकीलबाईंकडे मी तिला घेऊन गेलो. बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी नोटीस वाचून खाली ठेवली.

"त्यांचं बरोबर आहे, काका," त्या म्हणाल्या. "नॉमिनी म्हणजे सांभाळणारा. सोसायटीनं कोणाशी व्यवहार करायचा, मेंटेनन्स कोणाकडे मागायचा, एवढ्यापुरतंच ते नाव असतं. मालकी वारसांचीच. वडिलांनी काही लिहून ठेवलंय का?"

मुलीनं पिशवीतून ते पान काढलं. ती ते घेऊन आली आहे हे मला माहीत नव्हतं. तीच घडी, तेच अक्षर, त्याच दोन रिकाम्या ओळी. वकीलबाईंनी पान उजेडात धरलं.

"अरे, हे मृत्युपत्रच आहे की! सही नाही फक्त. त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, बस्स. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, रजिस्टर करावंच लागतं असंही नाही. वहीच्या पानावरही चालतं. एवढं झालं असतं तर आज तुम्हाला माझ्याकडे यावंही लागलं नसतं." मग त्यांनी सहज विचारलं, "का राहिलं हे?"

"राहून गेलं," मुलगी म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो आणि ती मला वाचवते आहे की तिला खरंच काही माहीत नाही, याचा विचार करत राहिलो. तिला माहीत नसावं, असं मी ठरवून टाकलं. ती गॅलरीत होती. मशीन चालू होतं.

त्या संध्याकाळी मी फळ्यापाशी गेलो. नॉमिनीचा अर्थ केव्हाच पुसला गेला होता, त्यावर शंभर शब्द येऊन गेले होते. तरी मी ओल्या फडक्यानं अख्खा फळा पुसला. त्यानंतर काही लिहिलं नाही. पंधरा दिवसांनी पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, "काय सेक्रेटरी, शब्द संपले काय?" मी म्हणालो, "हो."

दावा दाखल झाला. वाटपाचा दावा. कागद इंग्रजीत, म्हणून तिनं तो माझ्याकडे आणला. "तुम्ही सांगा काका, तुम्हाला येतं ना." आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी तिला तो पानापानानं मराठीत सांगितला. आयुष्यभर लोकांना शब्दांचे अर्थ सांगितले, पण एवढं जड कधी गेलं नव्हतं. तिचे भाऊ म्हणजे वादी. ती म्हणजे प्रतिवादी क्रमांक एक. मी, म्हणजे सोसायटी, प्रतिवादी क्रमांक दोन. तिचे वडील सगळीकडे मयत. आणि घराला घर कुठेच म्हटलं नव्हतं, ती दाव्याची मिळकत होती. एका परिच्छेदात लिहिलं होतं की प्रतिवादी क्रमांक एक ही मयताच्या परवानगीनं सदर मिळकतीत राहत होती.

"परवानगीनं म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे तुझा स्वतःचा हक्क म्हणून नाही. त्यांनी राहू दिलं म्हणून."

तिनं ते पान उलटं करून ठेवलं. मग म्हणाली, "आईचं सगळं मी केलं, काका. कूस बदलण्यापासून. ते पण परवानगीनं?"

"अगं, ती कोर्टाची भाषा असते. सगळ्यांच्या बाबतीत असंच लिहितात." मी हे खरंच बोललो होतो, आणि तरीही मला स्वतःचा राग आला. बायको ओट्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. मुलगी वर गेल्यावर म्हणाली, "तिला सांगा एकदा काय झालं होतं ते. नाहीतर तुम्हालाच पचणार नाही." मी म्हणालो, "सांगतो." दोन वर्षं मी तेच म्हणत होतो.

ती दोन वर्षं कोर्टाच्या लांबलचक बाकावर गेली. त्या बाकावर बसायला जागा मिळाली की तो दिवस चांगला. भिंतीवर त्या दिवशीच्या खटल्यांची यादी लावतात, आपला नंबर शोधायचा, तो ऐंशीच्या आसपास असतो, आणि मग पुकारा व्हायची वाट बघायची. पुकारा झाला की आत जायचं, वकील दोन वाक्यं बोलतात, तारीख मिळते. कधी त्यांचे वकील आलेले नसत, कधी आमच्या बाई दुसऱ्या कोर्टात अडकलेल्या असत, कधी कोणाचं उत्तर दाखल व्हायचं राहिलेलं असे. एकदा न्यायाधीश रजेवर होते आणि ते आम्हाला दुपारी जेवणाच्या सुटीनंतर कळलं. ती येताना पिशवीत कुणाची तरी साडी आणायची आणि बाकावर बसून हातानं फॉल लावायची. समोरच्या बाकावर तिचे भाऊ बसलेले असत. धाकटा मोबाइलमध्ये बघत राहायचा. थोरला मध्येच उठून आमच्यासाठीही चहा आणायचा, आणि आम्ही तो प्यायचो.

थोरला वाईट माणूस नाही. हे मला आधीच कळलं असतं तर त्याच्यावर रागावण्यात माझी वर्षभराची ताकद गेली नसती. एकदा जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, "सेक्रेटरीकाका, तुम्हीच सांगा, आम्ही तिघं बाबांची मुलं ना? पोराचं लग्न ठरलंय माझ्या, जागा नाही. मी कायद्यानं माझं आहे तेच मागतोय. बाबांना तिला द्यायचं असतं तर त्यांनी लिहून नसतं का ठेवलं? अशिक्षित थोडेच होते ते?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. फक्त मलाच माहीत असलेलं उत्तर. मी म्हणालो, "तारीख कधीची दिली रे?"

शेवटी मध्यस्थीत मिटलं. मध्यस्थी म्हणजे कोर्टच सांगतं की एका खोलीत बसा आणि आपसांत काय ते ठरवा. मी फळ्यावर हा शब्द कधीतरी लिहिला होता, आणि पुढे "दोन्ही बाजूंचं समाधान" असंही लिहिलं होतं. ठरलं ते असं. वरची खोली थोरल्याला, त्याच्या मुलासाठी. धाकट्याला त्याचा वाटा थोरला पैशांत देणार. आणि मुलीला टिटवाळ्याला एक खोली, तिच्या स्वतःच्या नावावर. बदल्यात तिनं बोरिवलीच्या घरातला आपला हिस्सा हक्कसोडपत्रानं सोडून द्यायचा. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याच्या हिशेबात हे वाईट नाही. खरंच नव्हतं. फक्त चार बिल्डिंगमधल्या ज्या बायका तिच्याकडे साड्या घेऊन यायच्या, त्या टिटवाळ्याला जाणार नव्हत्या. पन्नाशीला आलेल्या बाईनं तिथे पहिल्यापासून ओळखी करायच्या होत्या. ती मध्यस्थांपुढे फक्त एवढंच म्हणाली, "चालेल. मी दमले आता."

मीही दमलो होतो. मिटलं हे ऐकून आधी मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवणार नाही. आता कोर्टात जायला नको, बाकावर बसायला नको, थोरल्याचा चहा प्यायला नको. मग संध्याकाळी वरून मशीनची घरघर सुरू झाली आणि मला जेवण गेलं नाही.

हक्कसोडपत्र रजिस्टर करायला दोन साक्षीदार लागतात. थोरला म्हणाला, "आमची माणसं आहेत, तू टेन्शन घेऊ नको." ती म्हणाली, "एक तुमचा चालेल. एक काका येतील." मला तिनं विचारलंही नाही. आदल्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "उद्या अकराला. आधार कार्ड घ्या बरोबर."

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात लग्नाच्या हॉलसारखी गर्दी असते, फक्त कुणी हसत नाही. टोकन घेऊन आम्ही पाऊण तास बसलो. मी ठरवून गेलो होतो की आज तिला सांगायचंच. सही व्हायच्या आधी. काय उपयोग होणार होता, कुणास ठाऊक. पण ती माझ्या चुकीच्या पायी घर सोडते आहे आणि मलाच आधाराला बरोबर घेऊन आली आहे, हे मला सोसत नव्हतं.

नंबर आला. काउंटरमागच्या मुलीनं स्क्रीनवर बघत विचारलं, "लिहून देणार कोण?" ती पुढे झाली. कॅमेऱ्यासमोर बसली, फोटो निघाला. अंगठा यंत्रावर ठेवला तर ठसा उमटेना. "मावशी, हात पुसा नीट," काउंटरवाली म्हणाली. तिनं पदराला पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. सुई टोचून टोचून आणि कापड सरकवून अंगठ्याच्या रेषा गेल्या होत्या. चौथ्यांदा कसाबसा उमटला. मग थोरला बसला, लिहून घेणार म्हणून. त्याचा ठसा पटकन आला. बिचारा बहिणीकडे बघत नव्हता.

"साक्षीदार," काउंटरवाली म्हणाली. "यांना तुम्ही व्यक्तिशः ओळखता?"

"हो."

"किती वर्षं?"

"तीस झाली असतील."

"इथे सही करा. साक्षीदार एक."

मी पेन घेतलं आणि सवयीनं वाचायला लागलो. लिहून देणार हिने हे हक्कसोडपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून दिले असे. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांना सह्यांची जागा दाखवली होती. मी तीच ओळ पुन्हा वाचायला लागलो.

"काका, चला ना, मागे लाइन आहे," काउंटरवाली म्हणाली.

मुलगी माझ्या बाजूलाच उभी होती. मी हळूच म्हणालो, "अगं, तुला एक सांगायचं राहिलंय माझं. तुझ्या बाबांच्या त्या कागदाचं..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

गॅलरीतलं मशीन त्या रविवारी मध्येच थांबलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. दोरा तुटला नव्हता.

तिचा आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. फक्त कंटाळलेली होती, आणि थोडीशी घाईतही, कारण तिला दुपारी कुणाच्या तरी साड्या परत करायच्या होत्या. कागद माझ्याकडे आणखी थोडा सरकवून तिनं सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"तेव्हा नाही केलीत," ती म्हणाली. "आता करा."

मी सही केली.